सासूबाई आणि पिल्सनर

अरे, अमेरिकेत ट्रॉयला असताना मी पहिल्यांदा घरी पिल्सनर केली, तेव्हा चांगलाच पकडला गेलो होतो. ती बिअर थंडीत आंबवावी लागते, म्हणून डिसेंबरात बादली गराजमध्ये ठेवली. नेमक्या तेव्हाच नागपूरहून सासूबाई आल्या. बादलीवरची नळी बुडबुडताना पाहून म्हणाल्या, "मंदारराव, हे काय?"

"जवाचं पाणी, आई. किडनीला चांगलं असतं."

दोन महिन्यांनी बिअर तयार झाली, बाटल्यांत भरली. मी पहिली बाटली उघडली आणि त्या नेमक्या किचनमध्ये आल्या. ग्लासात भरपूर फेस!

"बिअर आहे ती, कळतं मला," त्या म्हणाल्या. "तुमचे सासरे दर शनिवारी प्यायचे. तीस वर्षांत मला घोटभर हवी का म्हणून विचारलं नाही. तुम्ही तरी विचारा!"