दाखल्यावरचं कारण

माझं माहेर पुसेगावचं, सासर कळमनुरीच्या अलीकडं, आणि नोकरी करते त्या गावाचं नाव तेवढं तुमच्या वहीत लिहू नका, बाकी सगळं लिहा. आमी चार बहिणी, वडिलांची कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर. वडिलांची शिकवण एकच, मोठ्या माणसापुढं व्हय म्हणावं, न्हाई म्हणणाऱ्याचं काम अडतं. त्यायला तलाठ्याचं भेव, आमाला त्यायचं भेव. शाळेत गुरुजींनी उभं केलं की उत्तर येत असून मी येत न्हाई म्हणायचे. तेच भेव घेऊन मोठी झाले, लग्न झालं, नांदेडला ग्रंथालयाचा कोर्स केला आणि एका हायस्कुलात अर्धवेळ ग्रंथपाल म्हणून लागले. आज वय पन्नाशीच्या पुढं आहे, आणि काय सांगू तुम्हाला, हेडसरांचा शिपाई दारात आला की अजून मी आधी उभी राहते.

आमची लायब्ररी म्हणजे एक खोली, चार कपाटं, कपाटायला कुलपं, चाव्या माझ्याकडं. पुस्तक घरी दिलं तर हरवतं, हरवलं तर तपासणीला आलेले लोक मला विचारतील, म्हणून मी घरी द्यायचेच न्हाई. वाचायचं तर माझ्यासमोर बसून वाचा. तुमी हसता, पण असंच होतं.

हेडसर कधी ओरडले न्हाईत हो. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलायचे आणि वाक्य अर्धंच सोडायचे. बाई, तुमची पूर्णवेळची मान्यता अजून अडकलेली आहे ना, तुमी कामाच्या आहात असं वर दाखवता आलं तर बघू. बघू म्हणायचे आणि चष्मा पुसायचे. पुढचं वाक्य मी घरी भाकरी थापताना मनातल्या मनात पुरं करायचे, आणि दर वेळी ते वाईटच निघायचं.

एक दिवस म्हणाले, बाई, तुमी तशा रिकाम्याच असता, आजपासून विद्यार्थी समुपदेशन तुमच्याकडं. माझ्या दारावर तशी पाटीबी लागली. मला वाटलं, दहावीनंतर आयटीआय करावं की अकरावी, कला घ्यावी की विज्ञान, हे लेकरायला सांगायचं असंल. मी दोन वह्या आणल्या, कॉलेजांची माहिती लिहून काढली. कसचं काय. नववीची परीक्षा झाली आणि सरायनी माझ्या हातात एक यादी दिली. गणितात, इंग्रजीत कच्ची पोरं. ही पोरं आपल्या शाळेतून दहावीला बसली तर शाळेचा निकाल पडतो. तर त्यायच्या आईबापाला बोलवा, समजावून सांगा, दाखला काढून न्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा. सतरा नंबर म्हणजे बाहेरून परीक्षा. ज्याची शाळा मधीच सुटली त्याच्यासाठी आहे तो. आमच्याकडं चालती शाळा सोडायला लावून भरून घ्यायचे.

आणि मी समजावून सांगायचे. गोड बोलायचं मला जमतं. शाळेचा जाच न्हाई, घरी बसून आरामात अभ्यास, सर्टिफिकेट तेच. चहा मागवायचे. अर्ज मीच आधी लिहून ठेवायचे, खाली फक्त सही.

त्या यादीत काजल होती. बंजाऱ्यायच्या तांड्यावरची. रोज मधल्या सुट्टीत लायब्ररीत यायची, प्राण्यायची, प्रवासाची पुस्तकं वाचायची. तोंडाची लई चलाख. म्हणायची, मॅडम, कपाटं उघडा जरा, आत पुस्तकायचा जीव गुदमरून राहिला. गणितात मात्र उणं अधिक केलं की तिचा घोळ व्हायचा. एका शिक्षकानं दोन महिने जवळ बसवलं असतं तर सुटला असता. कुणी बसवलं न्हाई. मीबी न्हाई.

तिचा बाप आला. चपला लांब काढल्या, शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावलेली, हात जोडून दारातच उभा. म्हणाला, मॅडम, पोरीनं पुस्तक हरवलं का? लायब्ररीतून बोलावणं म्हणजे त्याला तेच वाटलं, सारा रस्ता तो तेच घोकत आला असंल. मी म्हणलं, न्हाई हो, पुस्तक न्हाई हरवलं. त्याचा चेहरा असा सैल पडला की विचारू नका. म्हणाला, मंग काय करायचं ते सांगा. मी म्हणलं, इथं सही करा, पोरीच्या परीक्षेच्या भल्याचं आहे. पुस्तक हरवलं न्हाई ह्याच खुशीत त्यानं एकेक अक्षर जुळवत सही केली. कागदावर काय आहे हे त्यानं विचारलं न्हाई, मी वाचून दाखवलं न्हाई. दाखला मीच लिहिला, क्लार्कचं अक्षर बरं नव्हतं म्हणून. शाळा सोडण्याचे कारण, ह्या रकान्यात लिहिलं, पालकांच्या विनंतीवरून.

हे एवढंच असतं तरी मी आज तुमच्यापुढं बसले नसते. जूनमधी शाळा उघडली, काजल नवा युनिफॉर्म घालून आली. हजेरीत नाव न्हाई. वर्गशिक्षकांनी माझ्याकडं पाठवली. दारात उभी राहून म्हणाली, मॅडम, माझं नाव कुणी काढलं? मागं व्हरांड्यात हेडसर उभे होते, चष्मा पुसून राहिले होते. मी म्हणाले, तुझ्या बापानं काढलं, काजल, त्यानंच अर्ज दिला, मी काय करू. म्हणाली, बापानं? काहून? मी कपाटाकडं तोंड केलं आणि उगाच चाव्या चाळत राहिले. वळले तवा ती गेलेली. दाखला मागून शिपायाच्या हाती तांड्यावर धाडला.

तिचे आईबाप दर साली दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, पोरगी शाळेपायी आजीजवळ राहायची. त्या साली शाळाच न्हाई, मंग मागं कशाला ठेवायची म्हणून संगं नेली. सतरा नंबरचा फॉर्म कुणी भरलाच न्हाई. मला हे तांड्यावरच्या दुसऱ्या पोरीकडून कळलं. आणि ऐका, कळल्यावरही मी पुढच्या चार साली चार याद्या समजावल्या. हे लिहा.

गेल्या ऑगस्टात काजल आली. चार वर्सं झालेली. तळहाताला कोयत्याचे घट्टे. मी लगेच ओळखलं. म्हणाली, मॅडम, माझं मीच सतरा नंबर भरून राहिले, दाखला उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत भिजला, दुसरा द्या. क्लार्क सुट्टीवर, मीच रजिस्टर काढलं. तिनं वाकून वाचलं आणि हसली. म्हणाली, बघा, सरळ लिहिलंय, पालकांच्या विनंतीवरून. अन माहा बाप सेवालाल महाराजांची आण घेऊन म्हणते, मी काढलं न्हाई, मॅडमनं सही घेतली. चार वर्सं मी त्याला भाकर वाढते, बोलत न्हाई. खोटारडा.

मी गप राहिले असते तर कुणाला काय कळलं असतं? ती दाखला घेऊन गेली असती. गप राहणं मला येतं, जल्मभर तेच केलं. पण तो माणूस हात जोडून दारात उभा राहिलेला मला दिसला. मी म्हणाले, काजल, तुझा बाप खरं बोलतो. हे अक्षर माझं आहे. विनंती त्यानं केलीच न्हाई. त्या दिवशी दारात मी तुला खोटं सांगितलं.

तिनं रजिस्टर मिटलं. म्हणाली, मंग हे माह्या बापाला सांगा. तांड्यावर येऊन, समद्यायसमोर. मी घाबरले, म्हणाले, मी लिहून देते. म्हणाली, लिहूनच तर केलं सगळं तुमी.

रविवारी गेले. फाट्यावर ऑटोतून उतरले तवा वाटलं, ह्याच ऑटोत परत बसावं. लोक मारतील का, कुणी मोबाईलवर काढील का, हेडसरायला कळलं तर नोकरी जाईल का. बाप मला बघून उठला, खुर्ची आणा रे, मॅडम आल्या. मी बसले न्हाई, उभ्यानंच सांगितलं. खाली बघत, हळू. काजल म्हणाली, मोठ्यानं बोला, आजीला ऐकू येत न्हाई. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. एक जण मोबाईल धरून होताच. बापानं माझ्याकडं बघितलं न्हाई. तो पोरीला त्यायच्या गोरमाटी बोलीत काहीतरी बोलला, चार-पाचच शब्द. मला कळले न्हाईत. काजल होती तिथं खाली बसली आणि गुडघ्यात तोंड घातलं. एक म्हातारी मला म्हणाली, बाई, जाय आता. मी आले. तो काय बोलला हे मी अजून विचारलं न्हाई. मला तो हक्क न्हाई.

पुढं दर रविवारी काजल माझ्या घरी यायची. गणितासाठी शेजारचे निवृत्त गुरुजी धरून आणले, बाकीचं मी घेतलं. कामापुरतं बोलते, मॅडम म्हणत न्हाई, अहो म्हणते. परवा शेवटचा पेपर झाला. कसा गेला विचारलं तर म्हणाली, गेला.

मोबाईलवर काढलेलं ते हेडसरायपर्यंत पोचलं होतं. सात महिने ते काहीच बोलले न्हाईत, आणि ते सात महिने मी कसे काढले ते माझं मला ठाव. आज दुपारी बोलावलं. चष्मा पुसत म्हणाले, बाई, ऐकलं होतं मी. असो. ह्या साली अकरा पोरं आहेत, उद्या पालक येऊन राहिले. तुमच्या मान्यतेचा प्रस्तावही उद्याच पाठवतो म्हणत होतो, तर बघा.

ही बघा ती यादी. अर्ज मी लिहिले न्हाईत. उद्या अकरा वाजता त्यायचे आईबाप माझ्यासमोर बसतील, आणि मी सांगणार, कशावर सही करू नका, तुमच्या लेकराला शाळेतून कुणी काढू शकत न्हाई. भेव गेलं का म्हणता? गेलं न्हाई. अर्धवेळही ठेवतील का न्हाई ठाव न्हाई. हेडसर व्हरांड्यात उभे राहतील, मी पाणी पिईन आणि सांगीन. माझं काय व्हायचं ते होवो. ती अकरा लेकरं जूनमधी आपापल्या बाकावर बसोत.