कॉर्नरचा डबा

हॅलो?

…हॅलो, कोण… हां, तू होय. बोल. नाही, दुकानातच आहे. तोंडात टाचण्या होत्या, काढल्या. बोल बोल.

…कशी असणार मी? कालची मॅच तूही बघितलीस ना? मग कशी आहेस म्हणून विचारतेस कशी? सकाळपासून एका झंपरला दोन्ही बाह्या उलट्या जोडल्यात मी. डावीच्या जागी उजवी, उजवीच्या जागी डावी. इतकी वर्षं मशीनवर बसतेय, असं कधी झालं नव्हतं. तुझ्या नवऱ्याच्या हॉकी टीमनं करून दाखवलं.

…हो, हो… अगं ऐक ना. आधी माझं ऐक. तुझा नवरा कोच आहे म्हणून तुला टोचतं, कळतं मला. पण तो माझा भाऊ पण आहे. तू लग्न होऊन आलीस त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. त्याच्या फुटलेल्या गुडघ्यांना औषध मी लावलंय. तेव्हा मला त्याचं काही वाटत नाही असं तू म्हणू नकोस.

…मग? नाही म्हणालीस? बरं, नाही म्हणालीस. सुचवलंस.

…हे बघ, आपल्या मैदानावर, आपल्या माणसांसमोर तीन मॅच झाल्या, तिन्ही हरलो. हंगाम आत्ता कुठे सुरू झालाय आणि आपण तळाला. जिंकलो ती एकच, ती पण परगावी. आणि तिला नेमकी मी नव्हते, दाढ काढायची होती माझी. पोरींनी कॉर्नरवर दोन गोल मारले म्हणे. आणि मी तिकडे दवाखान्यात तोंडात बोळा धरून बसलेली. माझं नशीब बघ कसलं आहे.

…काकू, बसा हं, झालंच. तो पंखा लावा हवा तर. …नाही गं, गिऱ्हाईक आहे. पँट आखूड करायचीय. तू बोल.

…मीटिंग? आहे की संध्याकाळी. कॉलेजच्या हॉलमध्ये. …हो, बोलणार आहे ना. पहिली मीच उठणार. …काय बोलणार म्हणजे? कोच बदला म्हणणार. प्राचार्य स्वतः म्हणालेत, प्रेक्षक मंडळानं मागणी केली तर मी दुसऱ्या दिवशी बदलतो. मंडळाची अध्यक्ष कोण? मी. मग मी काय मूग गिळून बसू? लोक म्हणणार, बघा, भाऊ आहे म्हणून पाठीशी घालतेय.

…म्हणतायत की. आत्ताच म्हणतायत. तो चष्म्याच्या दुकानवाला काल माझ्यामागे बसला होता. मॅच संपल्यावर मला ऐकू जाईल असं म्हणाला, घरचंच दुकान आहे यांचं. मी पिशवी उचलून निघाले. काय बोलणार? बोर्डावर तीन-शून्य.

…नोकरी जाईल. माहितीये मला. …मुलीची शाळा आहे, हो, तेही माहितीये. …मग जाऊ दे नोकरी. नाही, जाऊ दे म्हणजे… तू माझ्या तोंडून असं वदवू नकोस गं. मला काय गुदगुल्या होतायत का? पण तो करतोय काय तिथे उभा राहून? नुसता हाताची घडी घालून बघतो. ओरडत नाही, रागवत नाही. तिकडे पोरी मैदानभर मेंढरासारख्या पळतायत.

…मला नको शिकवू पेनल्टी कॉर्नर. एक मुलगी गोलरेषेवरून चेंडू अर्धवर्तुळाबाहेर ढकलते, दुसरी अडवते, तिसरी मारते. तिघींचं काम. याच कॉर्नरवर आपण गेली कितीतरी वर्षं जिंकत आलो. समोरच्यांना घाम फुटायचा आपल्याला कॉर्नर मिळाला की. आणि काल? ढिगानं मिळाले. एकाचा गोल नाही. चेंडू हलायच्या आधीच निम्म्या पोरी अर्धवर्तुळात घुसतात, निम्म्या जागेवर उभ्या. पंचांची शिट्टी. आमचीच पोरगी शिक्षा म्हणून मधल्या रेषेपलीकडे रवाना. परत लावा. परत तेच, परत शिट्टी. मी डबा बडवून बडवून हात सुजवून घेतले. आज कात्री धरवत नाहीये.

…हो, तोच डबा. दुसरा कुठला? यांचा रंगाचा. अजून कडेला तो निळा रंग आहे, कॉलेजची भिंत रंगवली होती तेव्हाचा. मला ते आठवतं ना, पहिल्यांदा यांनी वाजवला तेव्हा मी लाजेनं डोकं खाली घातलं होतं. अख्खं स्टँड गप्प, आणि हे एकटे धप… धप… धपधप. शेवटच्या थापेला पोरीनं चेंडू ढकलला आणि गोल. तेव्हापासून तीच पद्धत. पोरी बदलल्या, थाप तीच राहिली. हे गेले तरी डबा थांबला नाही. मी थांबू दिला नाही.

…रडत नाहीये. राग आलाय मला. फरक आहे.

…आणि ती चेंडू ढकलणारी, जिला सगळ्या चिमणी म्हणतात. काल कानात कापूस घालून आली होती. दोन्ही कानांत हे एवढाले बोळे. मैदानात आलीस की बाळंतिणीच्या खोलीत? कान दुखत असतील तर घरी बस. बदली पोरगी नाही का तुमच्याकडे? आणि हे कोचला दिसत नाही?

…काय?

…कोणी घालायला सांगितला? …त्यानं? कापूस? कशासाठी?

…परत सांग. हळू बोलू नकोस, मशीन बंद केलंय मी. परत सांग.

…

…माझ्या डब्याचा आवाज नको म्हणून.

…अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? डबा पोरींच्या जोरासाठी असतो. तो नको म्हणजे काय? …नाही, सांगायचं नव्हतं बिव्हतं आता राहू दे. तोंडातून काढलंस ना, मग पूर्ण काढ. त्याला कळलं तर माझं नाव सांग. मी बघते त्याच्याकडे.

…समोरच्यांना पाठ झालीय? थाप पाठ झाली म्हणजे? …शेवटच्या थापेला त्यांची मुलगी धाव घेते. …आपल्या मारणारीच्या पायाशी येऊन उभी राहते. …सगळ्या टीमना? …गेल्या वर्षापासून?

…हं.

…म्हणून त्यानं पद्धत बदलली. थापेवर नाही, हाताच्या खुणेवर. अडवणारी बोट उचलते, मग चेंडू सोडायचा. …हो, कळलं की. त्यात न कळण्यासारखं काय आहे? …पण पोरींचे पाय थापेवरच… हं. वर्षानुवर्षं तेच केलंय त्यांनी. डबा वाजला की पाय उचलले जातात. …चिमणीला ऐकू येत नाही म्हणून ती थांबते, आणि बाकीच्यांना ऐकू येतं म्हणून त्या पळतात.

…मग सगळ्यांच्याच कानात घालायचा होता. …घातला होता? पहिल्या मॅचला? …मग एकमेकींच्या हाका ऐकू येईनात. …हं.

…आणि सरावाला? …सरावाला एक कॉर्नर चुकत नाही.

…सरावाला मी नसते.

…परगावी पण नव्हते मी.

…थांब. जरा थांब हं.

…काकू, पँट उद्या देते. …नाही, काही झालेलं नाही, उद्या नक्की. …हो, दार ओढून घ्या.

…आहे. आहे मी फोनवर.

…अगं मग मला सांगायला तोंड शिवलं होतं का त्याचं? परक्याच्या पोरींच्या कानात बोळे कोंबतो, पण सख्ख्या बहिणीला दोन शब्द सांगत नाही? मी तिथे पहिल्या रांगेत बसून आपल्याच टीमचं वाटोळं करतेय, आणि सगळ्यांना माहितीये. पोरींना माहितीये, तुला माहितीये. चष्मेवाल्याला पण माहिती असेल. एक मीच शहाणी. वर मी काल त्याच्याकडे बघून ओरडले, घरी जा म्हणून. ऐकलंस ना तू? अख्ख्या स्टँडनं ऐकलं. आणि त्यानं मान खाली घातली. मला वाटलं लाज वाटली म्हणून घातली.

…का नाही सांगितलं? तेच विचारतेय मी. …काय म्हणाला? …नाही, तुझ्या शब्दांत नको. त्याच्या शब्दांत सांग.

…"डबा वाजला की दाजी स्टँडमध्ये बसलेत असं मलाही वाटतं."

…

…"तो बंद कर असं मी ताईला सांगणार नाही. नोकरी गेली तर दुसरी बघू."

…दुसरी बघू म्हणे! कुठे बघणार आहे? येतं काय त्याला दुसरं? लग्नाच्या पंगतीत वाढायला उभा केला होता तर अर्ध्या लोकांना मीठ वाढलंच नाही त्यानं. दुसरी बघू. बायको आहे, पोर आहे आणि हा दुसरी बघणार. आणि तू पण ऐकून घेतलंस?

…हां, म्हणून फोन केलास. बरं केलंस. उशिरा केलास, पण बरं केलंस.

…आहे का तो घरी? …काय करतोय? …गॅलरीत पोरींचे मोजे वाळत घालतोय. कोच आहे का कोण आहे हा? दे त्याला फोन. …ओले असू देत हात. दे म्हणतेय ना.

…

…काय रे?

…ताई-ताई करू नकोस. तिच्यावर डोळे वटारू नकोस, मला इथून दिसतायत. तिनं सांगितलं ते बरं केलं. तू सांगणार होतास का? संध्याकाळी मी उठून तुझी नोकरी घालवली असती, आणि तू तिथे खुर्चीत बसून मान डोलवली असतीस. हो ना? …हो की नाही ते सांग.

…मोठा आलाय त्याग करणारा. कोणासाठी? माझ्यासाठी? मी मागितला होता? अरे, उद्या तुला काढून नवा कोच आणला असता, तरी माझा डबा तसाच वाजला असता आणि पोरी तशाच पळाल्या असत्या. मग त्यालाही काढलं असतं मी. त्याच्या जागी आणखी एक. मी अशी माणसं काढतच बसले असते. …हसू नकोस. मी चेष्टा करत नाहीये.

…हे असते ना, तर पहिल्याच मॅचला ओळखलं असतं यांनी. डबा खाली ठेवला असता आणि मला म्हणाले असते, अगं, पोरींचं काहीतरी बदललंय. यांना खेळ कळायचा. मला नुसता डबा कळतो.

…नाही, ते तू बोलू नकोस, मी बोलते. मला यांची आठवण येते. रोज येते. दुकान उघडताना येते, बंद करताना येते. पण मला आठवण येते म्हणून तुम्ही सगळ्यांनी मिळून हरायचं? त्या पोरी वर्षभर घाम गाळतात त्या काय माझी समजूत काढायला? आणि यांना आवडलं असतं का हे? तळाला टीम आणि वर यांचा डबा वाजतोय. त्याच डब्यात माझं डोकं घातलं असतं यांनी.

…आता ऐक. तू मला सांगायचंस. तुझ्या तोंडानं. तिच्याकडून ऐकलेलं मी धरत नाही. बोल, ताई, डबा बंद कर.

…हळू वाजव नाही. मी हळू वाजवणाऱ्यातली आहे का?

…नुसता शेजारी ठेव पण नाही. शेजारी असला की हात जाणारच माझा. मला ठाऊक आहे ना माझा हात. मधलं काही नको. जे तीन मॅचआधी सांगायला हवं होतंस ते सांग.

…बोल.

…ऐकू आलं नाही. पोरींवर पण असाच पुटपुटतोस का तू? म्हणून हरता. मोठ्यानं.

…

…हं. आलं ऐकू.

…नाही. काही होत नाहीये मला. नाकात दोऱ्याचं कुसळ गेलंय.

…मीटिंगला येणार तर. आणि पहिली मीच उठणार, ठरलंय तसंच. तू तोंड उघडायचं नाहीस. डब्याचं मी सांगणार सगळ्यांना, माझ्या तोंडानं. चष्मेवाल्याकडे बघून सांगणार. कॉर्नरला स्टँडमध्ये कोणी टाळी वाजवायची नाही, कोणी हूं करायचं नाही. जो करेल त्याला मी बाहेर काढीन. …हो, मीच. काढण्याची मला सवय झालीय आता.

…आणि चिमणीच्या कानातला तो कापूस काढ आधी. बरं दिसत नाही.

…शनिवारी? येणार की. पहिल्या रांगेत, त्याच जागी. …पण मला एक सांगून ठेव. कॉर्नर मिळाला, सगळे गप्प झाले, की मी हातांचं काय करू?

…

…मांडीखाली?

…दोन्ही?

…बरं. बसते हातांवर. पण एवढं करून पण चेंडू बाहेर घालवलात ना, तर डबा माझ्याच घरात आहे, लक्षात ठेव. …ठेव आता. मोजे वाळत घाल. मला दोन बाह्या उसवायच्यात.