भाईने विचारायला लावलेला प्रश्न

बँकॉकला गांजाच्या परवानावाल्या दुकानात पहिल्यांदा जाणार असाल, तर आधी काय विचारायचं ते ऐका. मी काउंटरवरच्या मुलीला एवढंच विचारलं, "कॅन्सरचं दुखणं थांबेल?"

"झोप तरी लागेल," ती म्हणाली.

लगेच दुबईत अल कुसैसला मोठ्या भावाला फोन लावला. "भाई, तुझं औषध मिळालं."

"आधी तिला विचार, दुबईला नेता येतं का."

विचारलं. तिने गांजाचं पाकीट माझ्या हातातून परत घेतलं. "तिथे जेलमध्ये जाल."

भाई हसायला लागला. "गाढवा, हे पहिलं विचारायचं. खलास, आता रिकाम्या हाताने ये."

मला राग आला. तो हसत असतानाच मी फोन कापला.

दुबईला उतरलो तेव्हा भाई गेला होता. हसू आवरल्यावर तो पुढे काय बोलणार होता, ते आता कुणाला विचारू?