एसीच्या पाण्यावरचं अळू

नेरुळला रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या.

"ऋता, तुझं शोभेचं अळू काय म्हणतंय?"

"बिल्डिंगमागच्या सावलीत लावलंय ना, वरच्या टिपणीसकाकांच्या एसीचं पाणी पडतं तिथं. काका एसी फक्त रात्री लावायचे. त्यामुळे मे महिन्यात पानं माना टाकायची."

"आणि यंदा?"

"या आठवड्यात दिवसभर पाणी ठिबकत होतं. सुपाएवढी पानं नुसती टवटवीत."

"मस्त की."

"मलापण तेच वाटलं. रोज खालून काकांना हाक मारून थँक्यू म्हणायचे मी."

"काका काय म्हणायचे?"

"काही नाही. एकटेच राहायचे गं. काल वास आला म्हणून दार तोडलं."

"अगं बाई."

"पोलिसांनी आत जाऊन एसी बंद केला. आज पानांनी परत माना टाकल्यात, प्राची. माझ्याच्यानं पाणी घालवत नाही."