शोभाच्या माहेरी केलेला फोन

तुम्ही हसाल, पण मला खरंच वाटलं होतं की शेजारच्या शोभाला तिची सासू उपाशी ठेवते. धुळ्यातल्या आमच्या गल्लीत भरल्या अंगाची म्हणून ओळखली जाणारी ही बाई, आणि तिचे ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले! विचारलं तर नुसती हसायची. शेवटी मीच तिच्या साक्रीच्या माहेरी फोन केला, "तुमची लेक सुकत चाललीय, येऊन बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिची आई आणि भाऊ हजर. बघतात तर दाराला कुलूप! आई ओट्यावर बसून रडायला लागली, "मनी पोरले काय करं वं या लोकस्नी!" त्या आवाजाने जागी होऊन मी बाहेर आले. भाऊ म्हणाला, "आज तिला घेऊनच जातो."

तेवढ्यात सासू-सून गल्लीच्या टोकाला दिसल्या. दोघींच्या पायांत बूट, दोघी घामाघूम, आणि सासू चार पावलं पुढे!

शोभा म्हणाली, "अगं आई, वर्ष झालं, आम्ही दोघी रोज चालतो. उपास नाही की काही नाही. वरण-बट्टीसुद्धा खाते, फक्त दुसऱ्या बट्टीवर थांबते. हळूहळू उतरलं वजन."

"रोज? मग मला कशा दिसल्या नाहीत?" मी ओरडलेच.

"काकू, तुम्ही झोपलेल्या असता तेव्हा."

भाऊ वरमला. "मग यांनी फोन कशाला केला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासूने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "बाई, तुमच्या माहेरचा नंबर द्या बरं. सांगते, तुमची लेक सुटत चाललीय, येऊन बघा."