शहादेवच्या पियानोची पाळी

...आन् वरनं मलाच म्हनतेत, सुभाक्का, तुमच्या भावानं आमच्या कानाचं वाटोळं केलं. आता भावानं केलं तर भावाला सांगा की, माझ्या कावून मागं लागता? मी का वाजवलंय? मला तर साधा उलथना-तवा बी धड वाजवता येत न्हाई, मालक जेवताना म्हनतेत, आवाज कमी कर. तुमाला सांगते, मला त्यातलं काय कळतंय, मी आपली बहीण.

माझा धाकटा भाऊ शहादेव. पुन्यात ऱ्हातो, पियानो वाजवतो. पियानो म्हंजी आपल्या पेटीचा थोरला चुलता समजा, घरात आला की दुसऱ्या कुनाला बसायला जागा न्हाई. तर ह्येनं आनखी सहा जनं जमवले. एक सरळ पितळी फुंकनारा, एक वाकडं पितळी फुंकनारा, एक जन मान्साएवढ्या सारंगीच्या गळ्यात पडलेला, एक ढोलावर झाडू मारनारा... खरंच झाडू, मी फोटू बगितलाय... आन् आनखी दोन हायेत, त्येंचं काय काम हाय ते त्येंच्या आयांना ठावं. समद्यांनी मिळून आल्बम काढला. त्यात गानारं कुनीच न्हाई. मी इचारलं, शहादेवा, गानारा त्या दिवशी आला न्हाई का रं? तर म्हनला, "अक्का, ह्याला जॅझ म्हन्तेत. ह्याच्यात वाजवनारे एकमेकांशी बोलतेत." म्हनलं, बोलतेत ते कळलं, पन कुनी ऐकून घेतंय का? बहिणीनं एवढं बी इचारू नये?

तवा आमी छावनीवर व्हतो. पावसानं दडी मारलती, हिरीला नुसता खडक, म्हनून आमच्या सोसायटीनं पाटोद्याच्या अंगाला जनावरांची छावनी काढली, आन् जनावरांच्या मागं मान्सं बी तिथंच पालं ठोकून ऱ्हायला गेली. चेअरमन सुंदरराव एक दिवस मला म्हनले, "सुभद्राबाई, काट्यावर चारा मोजायला कारकून पायजे. तुमचा भाऊ शिकलेला हाय, आन् तसा रिकामाच हाय. हप्त्यात सांगा, न्हाईतर दुसरा बघतो."

मी फोन लावला. शहादेव म्हनला, "अक्का, पुन्यातले लोक चांगलं म्हन्तेत, पन ते समद्यालाच चांगलं म्हन्तेत. तू आपल्या मान्सांना ऐकव. एकानं जरी मनापासून 'पुन्हा लावा' म्हनलं, तर मी उपाशी ऱ्हाईन पन वाजवीन. न्हाईतर येतो काट्यावर."

आता मला त्यातलं काय कळतंय, मी आपली बहीण, मी म्हनलं ऐकवते.

छावनीवर भोंगा एकच. त्याच्यावर भजन लावायचं का लग्नातली गानी, ह्याच्यावरनं काठ्या निघालत्या, म्हनून सुंदररावांनी कालव्याच्या पान्याची पाळी असती तशी भोंग्याची पाळी लावून दिली. चारा वाटायच्या टायमाला, हप्ताभर, ज्याची पाळी त्याचं गानं. पाळीत कुनी बोट घालायचं न्हाई. तर माझी पाळी आली आन् मी शहादेवला लावला.

पयल्या दिवशी शेजारच्या पालातले आश्रुबा नाना कानाला हात लावून बराच वेळ ऐकत बसले. मग म्हनले, "सुभे, सात जनं हायेत म्हनतीस. मंग ह्येंची एकमेकांशी गाठ कावून पडंना?"

भिवराबाई म्हनली, "आमच्या जावा-जावांचं भांडन असंच असतंय माय. पन आमी दमतो तरी."

सुंदररावांनी तर सभेत उठल्यासारखा गळा साफ केला. "मी तटस्थपने बोलतो. आपल्या वार्षिक सभेत हेच चालतं, एक बोलतो, बाकीचे न ऐकता बोलतेत. पन शेवटी ठराव पास होतो का न्हाई? ह्याच्यात ठराव कुठं हाय?"

भजनात पेटी वाजवनारे निवृत्ती गुरुजी तेवढे म्हनले, "पेटीवाल्याचा हात चांगला हाय. बाकीच्यांनी त्याला वाजवू दिलं न्हाई." माझ्या डोळ्यात पानी आलं बगा. म्हनलं चला, एक तरी मानूस मिळालं. दुसऱ्या दिवशी गुरुजी आपन होऊन पालावर आले, म्हनले, "सुभद्रा, आज नीट ऐकलं. बाकीच्यांचंच बरोबर हाय."

मंग तट पडले. एक तट म्हनायचा समदा दोष वाकड्या पितळीचा, दुसरा म्हनायचा न्हाई, मूळ पियानोच. भिवराबाईची सून म्हनली मला आवडतंय, झोप लई छान लागती. आमचे मालक म्हनले, "सरकार पिकाची नोंद घेतंय, पान्याची घेतंय. मान्सानं दुष्काळात आनखी काय काय सोसलं, त्याची बी घ्यावी."

पन पाळी ती पाळी, बंद करता येईना. मंग समद्यांनी युक्ती काढली. एरवी भोंगा सुरू झाल्यावर तासाभरानं चारा यायचा, पानतंबाखू खात वाटायचे. आता पियानो टिनटिनला की पोरं-बाया-म्हातारे समदे धावत सुटायचे, धडाधड पेंढ्या टाकायचे, कारन वाटप संपलं की भोंगा बंद. छावनीत एवढं शिस्तीत काम कधी झालं न्हवतं. सुंदरराव म्हनले, कलेचा उपयोग होतो तो असा.

फोन यायचा. "अक्का, लोक काय म्हनतेत?"

"ऐकतेत."

"कसं ऐकतेत?"

"...पळत."

मला खोटं बोलता येत न्हाई आन् खरं बोलवंना, एवढ्यात मालकांनी फोन ओढून घेतला. "शहादेवराव, दाजी बोलतोय. काट्यावरची खुर्ची चांगली हाय, पाठ टेकाया येती." संपलं. एवढंच बोलले. हप्ता भरला त्या दिवशी शहादेव पिशवी घेऊन छावनीवर हजर, सुंदररावांनी त्याच्या कानावर पेन्सिल ठेवली, आन् मी आपली भाकरी थापत बसले. मला काय कळतंय त्यातलं.

दुसऱ्या दिवशी भिवराबाईची पाळी. भजन लागलं. लोकांनी हुश्श केलं, पेंढ्या टाकल्या... तर एक जनावर खाली बघंना. तीनशे जनावरं बसल्या जागी भोंग्याकडं माना वळवून नुसती हंबरतेत. दादा-बाबा केलं, गूळ दावला, शेपट्या पिरगाळल्या. भिवराबाईच्या जर्सीनं चरवी लाथाडली. निवृत्ती गुरुजी जाऊन पेटी घेऊन आले, त्येंच्या अंगावर आश्रुबा नानांचा बैल शिंग उगारून धावला. शेवटी नानांनीच वरडून सांगितलं, "आरं बाबांनो, ते पुन्हा लावा."

मंग भिवराबाई, "लावा की माय पुन्हा." सुंदरराव, "लावा, लावा." समदी छावनी म्हनत व्हती, हात जोडून, पार मनापासून. शहादेव काट्यापाशी हुभा. आला, खिशातनं पेनड्राइव्ह काढला, आपल्या हातानं लावला. पयलाच सूर निगाला आन् तीनशे जनावरं एकदम उठून हुभी ऱ्हायली.

मी पळत त्याच्यापाशी गेले. म्हनलं, शहादेवा, म्हनले की रं. पुन्हा लावा म्हनले. जा आता पुन्याला.

म्हनला, "कुनासाठी म्हनले, अक्का?" आन् पेंढ्या मोजाया लागला.

तवापासनं पाळ्याबिळ्या बंद. सकाळ-संध्याकाळ त्योच आल्बम, आन् बटन दाबनारा शहादेवच. लोक शिव्या घालतेत त्या मला, आन् परवा भिवराबाई दूध काढताना वाकड्या पितळीचं गुनगुनत व्हती, मी बगितलं तर मलाच डोळे वटारले.

काल पुन्यावरनं त्या झाडूवाल्याचा फोन आलता. शहादेवनं काट्यावर बसूनच घेतला, मी चहा घेऊन गेलते. त्यो इचारत व्हता, गावाकडं लोकांना आपलं वाजवनं कसं वाटलं?

शहादेव म्हनला, "सगळे उठून उभे राहतात रे. रोज."

त्यो लई खूश झाला. म्हनला, मंग तिथं एक कार्यक्रमच ठेवू, समदे येतो वाजवायला, कवा येऊ?

शहादेवनं वर आभाळाकडं बगितलं. म्हनला, "लवकर या. पाऊस पडला की सगळे निघून जातात."