गिरणीच्या दारातली लाली

मंडळी, पुढे सरकून बसा. नाना, आबा, मायबहिणींनो, आपली चोपड्याची बठ्ठी, सगळीच्या सगळी गल्ली आली. मी याकूब. हिराअक्काच्या गिरणीला माझं शिलाईचं दुकान लागून आहे, मधली भिंत एकच. त्या भिंतीपलीकडून आता अक्काची हाक येणार नाही. तरी आज मी मोठ्याने बोलणार. पुटपुटणारी माणसं अक्काला आवडत नसत.

अक्का दळण दळायची आणि कुत्री-मांजरं गोळा करायची, असं तुम्ही म्हणता. चूक. अक्का गोळा करायची नाही. ती आधी त्यांना त्यांच्या जागेवर राहू द्यायची.

भागवत मुकादम मागे उभे आहेत. मुकादम, तुमचीच गोष्ट सांगतो, रागावू नका. केळीची कटाई चालली होती. वाळल्या पानांत यांना मांजरीचं पिल्लू सापडलं, डोळेही धड उघडले नव्हते. यांनी ते रुमालात गुंडाळून गिरणीवर आणलं. आम्ही सगळे म्हणालो, पुण्याचं काम केलं. अक्काने गिरणी बंद केली आणि विचारलं, "तेनी माय मरी गयी का?"

मुकादम म्हणाले, दिसली नाही.

"तुम्ही बठ्ठा कोयता लिसन उभा, ती कशी दिसी? जठेन लई उना, तठेच ठी ये. अन दूर बस."

मुकादम गेले बिचारे. पिल्लू होतं तिथे ठेवलं आणि लांब बांधावर बसले. ऊन कललं तशी मांजर आली, पिल्लाची मान धरली आणि केळीत शिरली. मुकादमांनी येऊन हे सांगितलं, तर अक्का म्हणाली, "मंग?" आणि गिरणीचा पट्टा पुन्हा चढवला.

असं होतं तिचं. आधी थांब. आधी बघ. आधी गल्लीत विचार, कोणाचं आहे. माय खरंच नसेल, तर ऊब दे, जनावरांच्या दवाखान्यात ने, गाईचं दूध ओतत बसू नको. कुत्रं जखमी असेल तर तोंडाजवळ हात नेऊ नको, दुखण्यापायी ते चावतं. आणि चावलंच तर? जखमेला मिरचीपूड लावणाऱ्यांनी हात वर करा. राहू द्या, मला नावं माहीत आहेत. साबण, वाहतं पाणी, आणि तडक सरकारी दवाखान्यात सुई. अक्का स्वतः हात धरून न्यायची. इथल्या किती जणांना नेलं असेल?

आता खरं बोलतो. अक्काने जिला वाढवलं ती लाली कुत्री गिरणीच्या ओट्याखाली व्यायली आहे. आणि परवा, अक्काच्या तिसऱ्यालाच, माझ्या कानावर आलं. म्हणे, अक्का गेली, आता पिल्लं पोत्यात भरा आणि सातपुड्याच्या पायथ्याला सोडून या.

कोण म्हणालं ते विचारणार नाही. पण ऐकून घ्या. पिल्लं कुठेही जाणार नाहीत. प्रकाश, तू अक्काचा मुलगा, तुला सुरतेला परत जायचं आहे. गिरणीला कुलूप लाव, तुझा हक्क आहे. ओट्याखालची जागा तेवढी मोकळी ठेव. दळणाला येणारा प्रत्येक जण कुत्र्यांच्या भाकरीसाठी डब्यात मूठभर ज्वारी टाकायचा, तो डबा मी माझ्या दुकानात आणून ठेवला आहे. ब्लाउज टाकायला या, मूठ घेऊन या. भाकरी माझ्या घरी होतील. पिल्लं मोठी झाली की लस, मग नसबंदी, अक्का करायची तसंच. आणि पोतं घेऊन येणाऱ्याला माझ्या दुकानावरूनच जावं लागेल. माझी कात्री पोत्यालाही पुरते.

चला, उभे राहू. अक्कासाठी थोडा वेळ कोणी बोलू नका. लाली सकाळपासून गिरणीच्या बंद दाराला नाक लावून बसली आहे. आता ती उठून आपल्यात येईल, एकेकीच्या पदराचा वास घेईल. कोणी हाड म्हणू नका. ती अक्काला शोधते आहे.